चार मीटरच्या आत नवी पिढी: छोट्या एसयूव्हीत नेमकं काय बदलतं

ह्युंदाई व्हेन्यू २०१९च्या मे महिन्यात आली आणि तिची दुसरी पिढी २०२५च्या नोव्हेंबरमध्ये. दोन्हींची लांबी तीच, ३९९५ मि.मी. रुंदी मात्र १७७०ची १८०० झाली, उंची १६१७ची १६६५, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २५००चं २५२०. शोरूममध्ये बोलणं होतं ते मोठ्या पडद्यांबद्दल आणि दिव्यांच्या पट्टीबद्दल. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या सोसायटीत गाडी ठेवणाऱ्याला पुढची आठ-दहा वर्षं रोज जाणवणार आहेत ते हे मिलिमीटर. म्हणून ते कुठून येतात आणि कुठे खर्च होतात, हे आधी पाहू.

लांबी का अडकली आहे

छोट्या एसयूव्हीची लांबी डिझायनर ठरवत नाही, कर ठरवतो. २००६पासून सरकारने लहान गाडीला करात सवलत दिली आणि त्यासाठी चार मीटरची रेषा आखली. २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या जीएसटीतही ती कायम आहे. लांबी ४००० मि.मी.पर्यंत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत) असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. कराआधी ८ लाखांची गाडी पहिल्या दराने ९ लाख ४४ हजारांना पडते आणि दुसऱ्या दराने ११ लाख २० हजारांना. बंपर थोडा लांबवून पावणेदोन लाख रुपये गमवायला कोणतीही कंपनी तयार होत नाही, म्हणून या वर्गातल्या बहुतेक गाड्या ३९९० ते ३९९९च्या दरम्यान असतात.

इंजिनालाही हाच दोर. व्हेन्यूमध्ये ११९७ आणि ९९८ सीसीची पेट्रोल इंजिनं आणि १४९३ सीसीचं डिझेल आहे. टाटा नेक्सॉनमध्ये ११९९ आणि १४९७. मारुती ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे तिला वरचाच दर लागतो. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात, हे किंमती ताडून पाहताना लक्षात ठेवा.

लांबी गोठली की गाडी वाढायला दोनच दिशा उरतात, आडवी आणि उभी.

वीस मिलिमीटरचा हिशेब

३९९५चे तीन तुकडे होतात: पुढच्या चाकाच्या मध्यापुढे लटकणारा भाग, व्हीलबेस, आणि मागच्या चाकाच्या मध्यामागचा भाग. व्हीलबेस २० मि.मी.ने वाढला म्हणजे पुढचा-मागचा लटकता भाग मिळून १४९५वरून १४७५वर आला. तो कापणं सोपं नसतं. पुढच्या भागात एकामागून एक प्लास्टिकचा बंपर, त्यामागे फोम, धातूची आडवी बीम, ती धरणारे दोन क्रॅश बॉक्स, मग एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, पंखा आणि इंजिन अशी रांग असते. हळू धक्क्यात क्रॅश बॉक्स चुरगळतात. ते बोल्टने बसवलेले असल्यामुळे बदलता येतात. जोरदार धडकेत त्यामागचे दोन लांब चॅनेल, ज्यांना मेकॅनिक चेसिसची शिंगं म्हणतात, घडी पडत दुमडतात आणि धक्का शोषतात. दुमडायला जागाच कमी असेल तर तो धक्का केबिनपर्यंत येतो. त्यामुळे पुढून १० मि.मी. घ्यायचे तर रेडिएटर पातळ करा, पंखा सरकवा आणि टक्कर चाचण्या नव्याने करा, एवढं सगळं ओघाने आलंच.

मागून घेतले तर डिकी आखडते. कंपन्या त्यावर डिकीची फळी खाली घेतात किंवा स्टेपनी लहान मापाची देतात. डिकीचा लिटरचा आकडा तोच छापलेला असला तरी खोली वाढून लांबी कमी झालेली असू शकते. मोठी सूटकेस आडवी बसते का, हे नेऊनच पाहा. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलकडच्या कुटुंबांचा हा वापर वाढलेलाच आहे.

मागच्या सीटला जागा देण्याचा दुसरा मार्ग उंचीतून जातो. माणूस उंच आसनावर ताठ बसला की गुडघे पुढे कमी येतात आणि तेवढ्याच लांबीत पाय मोकळे राहतात. अभियंते बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्याची जागा, तिला एच-पॉइंट म्हणतात, आधी ठरवतात आणि छप्पर, काच, स्टिअरिंग त्याभोवती रचतात. छप्पर ४८ मि.मी. वर जाण्यामागचं एक मोठं कारण हे.

इथे एक तपासणी जरूर करा. गुडघ्यांना जागा दाखवण्याची एक स्वस्त युक्ती म्हणजे मागच्या सीटची बैठक आखूड करणं. शोरूममध्ये गुडघ्यापुढे मूठभर जागा दिसते, पण मांडीला आधार नसतो आणि ठाण्याहून पुण्याला जाईपर्यंत पाय भरून येतात. टेप घेऊन जा. बैठकीची लांबी पाठीच्या टेकण्यापासून पुढच्या कडेपर्यंत मोजा आणि जुन्या मॉडेलशी ताडून पाहा. ड्रायव्हरची सीट आपल्या उंचीला लावून मग स्वतः तिच्या मागे बसा. पुढच्या सीटखाली पाऊल सरकतं का, तेही बघा. सीट अगदी खाली केली की ती जागा अनेकदा बंद होते.

उंचीचा खर्च हवेला पडतो. रुंदी गुणिले उंची असा ढोबळ आयत धरला तर व्हेन्यूचा समोरचा पसारा सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढला. घोडबंदरच्या कोंडीत त्याने काही बिघडत नाही. अटल सेतूवर किंवा द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगाने जाताना मात्र फरक पडतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच नव्या पिढीत तळाशी प्लास्टिकचे पत्रे, आरशांचे बदललेले आकार, मागच्या काचेवरचा लांब स्पॉयलर असली कामं दिसतात. तळाचा पत्रा स्पीडब्रेकरला घासून सुटला तर फेकून देऊ नका, क्लिप बदलून परत बसवा.

पॅलेटवर गाडी बसते का

ठाणे आणि नवी मुंबईच्या नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग इतकं पसरलं आहे की गाडीचं ब्रोशर आणि सोसायटीच्या मशीनचा कागद एकत्र वाचायला हवा. अनेक मशीनमध्ये खालचे-वरचे मजले वेगवेगळ्या उंचीचे असतात: सेडानचा साधारण १५५० मि.मी. उंचीच्या गाडीसाठी आणि एसयूव्हीचा त्याहून उंच. या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या १५५०च्या वर आहेत, त्यामुळे सेडानचा मजला मिळालेल्या सदनिकाधारकाने बुकिंगच्या आधी चौकशी करावी. मधली मर्यादा असलेली मशीनंही आहेत. मर्यादा १६५० असेल तर जुनी व्हेन्यू आत जाईल आणि नवी अडेल. उंची मोजताना छतावरचे रेल धरले आहेत का, ते विचारा. माशाच्या कल्ल्यासारखा अँटेना आणि नंतर लावलेला कॅरिअर वेगळा मोजा. मशीनचा सेन्सर प्रकाशाच्या किरणावर चालतो, किरण अडला की पॅलेट, म्हणजे गाडी उभी राहते तो लोखंडी पाट, हलत नाही आणि मागच्या चार गाड्या अडकतात.

रुंदीत पाहायचं ते टायरचं. पॅलेटच्या दोन उभ्या कडांमधली मोकळी जागा मोजा आणि गाडीच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर. छापलेली १८०० मि.मी. ही अंगाची रुंदी असते, त्यात आरसे धरत नाहीत. कडेला रिम घासल्या जातात त्या टायरचं माप न पाहिल्यामुळे. तिसरा आकडा वजनाचा. इलेक्ट्रिक प्रकार पेट्रोलपेक्षा शेकडो किलोंनी जड असू शकतो, तेव्हा पॅलेटची क्षमता मशीनवरच्या धातूच्या पट्टीवर वाचा, वॉचमनच्या शब्दावर राहू नका.

साध्या खणात हिशेब सोपा आहे. खण अडीच मीटरचा असेल आणि शेजारी तशीच गाडी मधोमध उभी असेल, तर दोघींमध्ये आधी ७३० मि.मी. राहत होते, आता ७००. खांबाला लागून खण असेल तर त्यातूनही जातं. दार पहिल्या खटक्यावर उघडून गुडघेदुखी असलेल्या आजी बाहेर येऊ शकतात का, ही परीक्षा शोरूमच्या मोकळ्या फरशीवर होत नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या खणात आणून करा.

सांगाडा नवा की कातडी नवी

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. गाडीच्या तळाचा साचा, इंजिनामागची भिंत, चाकांची आणि कमरेची ठरलेली जागा, वायरिंगची रचना या सगळ्याला मिळून प्लॅटफॉर्म म्हणतात. फेसलिफ्टमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्म तोच ठेवून रूप बदलताना, बंपर, ग्रिल, दिवे, बॉनेट, फेंडर, डिकीचं दार आणि डॅशबोर्ड बदलतो. दारं, छप्पर आणि बाजूचा मोठा अखंड पत्रा सहसा तसाच राहतो, कारण त्या पत्र्याच्या प्रेस डाय, म्हणजे पत्रा दाबून घडवणारे साचे, कारखान्यातल्या सर्वांत महागड्या डायांपैकी असतात. बंपरचा प्लास्टिकचा मोल्ड त्यामानाने स्वस्त.

नेक्सॉन २०१७मध्ये आली आणि २०२० व २०२३मध्ये बदलली. २०२३ची गाडी समोरून आणि आतून पूर्ण वेगळी दिसते, तरी व्हीलबेस २४९८ मि.मी.च आहे आणि बाजूने पाहिलं की काचांची रेषा ओळखीची वाटते. ब्रेझा २०१६ची, २०२२च्या जूनअखेरीस आलेल्या गाडीत बाहेरचे पत्रे, केबिन, इंजिन बदललं, उंची १६४०ची १६८५ झाली, पण व्हीलबेस २५०० आणि रुंदी १७९० कायम राहिली, प्लॅटफॉर्म मूळचाच. यात फसवणूक काही नाही. जुना, पारखलेला सांगाडा ठेवून वरचं सुधारणं हा शहाणा निर्णय असू शकतो, भाग मिळायलाही सोपे जातात. ग्राहकाने फक्त नव्या पिढीची किंमत मोजताना आपण नेमकं काय घेतोय हे जाणावं. घरी बसून तपासायचं तर दोन्ही गाड्यांचे अगदी बाजूने काढलेले फोटो एकाखाली एक ठेवा आणि चाकांचे मध्य जुळवा. पुढच्या चाकापासून पुढच्या दाराच्या कडेपर्यंतचं अंतर, समोरच्या काचेचा पाय आणि दारांचे कट जुळत असतील, तर आतला सांगाडा बहुधा तोच आहे.

सांगाडा खरोखर बदलतो तेव्हा मोठा फरक पोलादात असतो. साध्या पत्र्याची ताकद साधारण २७० ते ३५० मेगापास्कल. दारांमधला खांब, म्हणजे बी-पिलर, आता बोरॉनयुक्त पोलादाचा करतात: पट्टी ९०० अंशांच्या वर तापवायची, लाल असतानाच आतून पाणी फिरणाऱ्या साच्यात दाबायची आणि तिथेच झटकन थंड करायची. ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. त्यामुळे खांब पातळ ठेवूनही बाजूच्या धडकेत टिकतो.

याची दुसरी बाजू वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या गाळ्यांत दिसते. जुन्या गाडीचा खांब चेपला की डेंटर गॅसवर तापवून ओढून सरळ करत असे. या पोलादाला तसं करता येत नाही. तापवलं की कडकपणा निघून जातो, रंग लावल्यावर खांब छान दिसतो आणि पुढच्या अपघातात कागदासारखा दुमडतो. तो कंपनीने ठरवलेल्या रेषेवर कापून नवा जोडायचा असतो, ठरलेल्या संख्येने स्पॉट वेल्ड मारून. गाडी बाजूने ठोकली गेली असेल तर एस्टिमेटमध्ये 'बी-पिलर रिपेअर' लिहिलंय की 'रिप्लेस', हे वाचूनच सही करा. सेकंडहँड नव्या पिढीची गाडी घेताना दाराचं रबर ओढून खांबाच्या कडेचे वेल्डचे ठिपके बघा. ते सारख्या अंतरावर गोल नसतील तर पुढचं बोलणं थांबवा.

गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅपची चाचणी १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली. समोरून ताशी ६४ किमीने, गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग चुरगळणाऱ्या अडथळ्यावर आदळतो. बाजूने ५० किमीने ट्रॉली. आणि २९ किमीने खांब. तारे त्या पिढीचे असतात, नावाचे नाहीत. नेक्सॉनला २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले होते, पण नियम कडक झाल्यावर बदललेल्या गाडीची पुन्हा चाचणी झाली आणि २०२४मध्ये तिने पाच तारे नव्याने मिळवले. जाहिरातीतल्या ताऱ्यांखालचं साल वाचा.

चाकं मोठी, रबर कमी

गाडी उंच आणि रुंद झाली की जुनी चाकं कमानीत बारीक दिसतात, मग डिझाइनचे लोक रिम मोठी मागतात. २१५/६० आर१६ टायरची भिंत १२९ मि.मी. असते, २१५/५५ आर१७ची ११८. टायरचा एकूण व्यास जवळपास सारखाच, पण खड्डा आणि रिम यांच्यातलं ११ मि.मी. रबर गेलं. पावसाळ्यात गायमुख घाटात किंवा सर्व्हिस रोडवर पाण्याखालचा खड्डा बसला की टायरच्या भिंतीतले धागे तुटतात आणि फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आमचा स्पष्ट सल्ला असा की रोजचा प्रवास या रस्त्यांवरचा असेल तर १६ इंची चाकांचा प्रकार घ्या, वरच्या प्रकाराचा मोह चाकांसाठी करू नका.

उंच गाडी वळणावर झुकू नये म्हणून स्प्रिंग किंवा अँटीरोल बार कडक करतात. त्यामुळे नवी पिढी वेगात स्थिर वाटते आणि हळू वेगात एका बाजूच्या खड्ड्यावर डोकं आडवं हलवते. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत पामबीच रोडवरच आटोपली तर हे कळणार नाही.

पाणी

नवं नाक म्हणजे इंजिनाच्या हवेची नळीही बहुधा नव्या जागी. बॉनेट उघडून नळीचं तोंड शोधा आणि जमिनीपासून मोजा. दोन गाड्यांत अडलात तर हा आकडा ब्रोशरमधल्या ग्राउंड क्लीअरन्सपेक्षा जास्त बोलतो. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी साचतं तेव्हा समोरून आलेल्या बसची लाट या तोंडात गेली की पाणी सिलिंडरमध्ये पोचतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर जाऊच नका. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करू नका. इग्निशन बंद ठेवून टो करा, गॅरेजमध्ये एअर फिल्टर उघडायला लावा, तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन संरक्षणाचा ॲड-ऑन लागतो.

सनरूफ घेतलं असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी छताच्या कापडात आणि तिथून गालिच्याखालच्या वायरिंगच्या जोडांत शिरतं. मे महिन्यात चौकटीच्या पन्हळीत अर्धा पेला पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली टपकतं का बघा. तुंबली असेल तर जोरदार हवा मारू नका, आतला जोड सुटतो. मऊ नायलॉनची तार वापरा.

काच आता फक्त काच नाही

नव्या पिढीत समोरच्या काचेमागे कॅमेरा आणि अनेक गाड्यांत बंपरमागे रडार येतं. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करावंच लागतं, नाहीतर गाडी लेन चुकीची वाचते. विम्यात काच मिळते, कॅलिब्रेशनचा खर्च धरलाय का ते विचारा. रडारसमोरच्या बंपरवर पुट्टीचा जाड थर चढवला की ते आंधळं होतं, म्हणून तिथला बंपर दुरुस्त करण्याऐवजी बदलणं बरं. पट्टे पुसलेल्या, दुचाकींनी भरलेल्या रस्त्यावर लेन सांभाळणारी यंत्रणा बंद ठेवा. आपोआप ब्रेक लावणारी मात्र चालू असू द्या.

कधी घ्यावी

पहिल्या सहा महिन्यांत नव्या पिढीच्या गाड्यांत दिसतात त्या गोष्टी ठरावीक: डॅशची खरखर, दाराच्या रबराचा वाऱ्याचा आवाज, पडदा अडकणं, आणि अपघात झाला तर दिवे-काचांची वाट पाहणं. बहुतेक सॉफ्टवेअर अपडेटने किंवा बदललेल्या क्लिपने सुटतात. घाई नसेल तर हा काळ जाऊ द्या.

जुन्या पिढीचा उरलेला साठा सवलतीत मिळत असेल तर आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जाणार आहे हे ध्यानात घेऊन सौदा करा, कारण विकताना किंमत त्यावरून ठरते. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याला नवी पिढी फायद्याची. आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याने, मशीनची उंची १६५० असेल तर खास करून, जुनी गाडी निःशंक घ्यावी. सवलत मात्र रोख रकमेत मागा, मॅट आणि सीट कव्हरमध्ये नको.